इथे गोलपोस्ट होता

(दृश्य: सकाळ. विटांची बुटकी घरं, दारासमोर हातभर हिरवळ. एक बाई कुत्र्याला फिरवतेय.)

मिडल्सब्रो. इंग्लंडच्या ईशान्येला, टीज नदीकाठी वसलेलं लोखंड-पोलादाचं शहर. समोरच्या वसाहतीत पाहण्यासारखं काही नाही असंच कुणालाही वाटेल. आम्हीही आधी एकदा तिच्यावरून तसेच पुढे निघून गेलो होतो.

(रस्त्याच्या नावाची पाटी, जवळून.)

'द टर्नस्टाइल'. टर्नस्टाइल म्हणजे तिकीट दाखवून, पोटाने ढकलत मैदानात शिरायचं ते फिरतं लोखंडी दार. पुढच्या रस्त्याचं नाव 'द मिडफील्ड'. घरं बांधणाऱ्यांना एवढी तरी आठवण ठेवावीशी वाटली, हेही नसे थोडके.

१९०३ ते १९९५ या काळात इथे एअरसम पार्क नावाचं मैदान होतं, मिडल्सब्रो फुटबॉल क्लबचं घर. ब्रायन क्लफ याच गावचा पोरगा. पुढे मॅनेजर म्हणून त्याने जग गाजवलं, पण त्याआधी त्याने मिडल्सब्रोसाठी २१३ लीग सामन्यांत १९७ गोल मारले होते. त्यातले किती याच जमिनीवर, आज कुणाच्या स्वयंपाकघरात आणि कुणाच्या जिन्याखाली झाले असतील, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

(दोन घरांमधली हिरवळ. कॅमेरा खाली जमिनीवर येतो.)

आता इकडे बघा. गवतात ब्राँझचा एक छोटा तुकडा आहे. त्यावर बुटाच्या खिळ्यांचा ठसा आहे, ओल्या मातीत पाय रुतल्यावर उमटतो तसा.

१९ जुलै १९६६. विश्वचषकाचा सामना, उत्तर कोरिया विरुद्ध इटली. इटलीने तोवर दोनदा विश्वचषक जिंकलेला. कोरियाचे खेळाडू अंगापिंडाने लहानखुरे, आणि त्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही. त्यांचा शर्ट मात्र लाल, म्हणजे मिडल्सब्रोच्याच रंगाचा. गावाने त्यांना आपलं म्हटलं ते तिथूनच. इटलीचा कर्णधार बुल्गारेली जखमी होऊन बाहेर गेला. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे, त्यामुळे इटलीचे दहाच उरले. ४२व्या मिनिटाला पाक दू-इकने गोल मारला आणि सामना तिथेच संपला. इटलीचा संघ मायदेशी उतरला तेव्हा विमानतळावर लोक सडके टोमॅटो घेऊन उभे होते.

तो फटका जिथून बसला, तीच ही जागा. नेव्हिल गॅबी या कलाकाराने मैदानाचं मोजमाप घराघरांतून पुन्हा शोधून काढलं आणि मोक्याच्या जागी ब्राँझच्या लहान लहान वस्तू बसवल्या. ना चौथरा, ना पुतळा. ज्याला ठाऊक आहे तो थांबतो. २००२ मध्ये त्या कोरियन संघातले हयात खेळाडू मिडल्सब्रोला परत आले, तेव्हा मैदान उरलं नव्हतं.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं: टोप्याच टोप्या, माणसांची भिंत.)

ही गर्दी उभी कशावर आहे, ते नीट पाहा. इंग्रज याला टेरेस म्हणतात. आपली गच्ची डोळ्यांसमोर आणू नका. हा उतार आहे, पायऱ्यापायऱ्यांचा, उभं राहून सामना बघण्यासाठीचा. आणि हा उतार आला कुठून, ती गोष्ट मला स्वतःला सामन्यांपेक्षा जास्त भावते.

ग्लासगोचा एक इंजिनिअर होता, आर्चिबाल्ड लीच. मूळचा कारखाने बांधणारा. सिलोनातल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, चहाच्या कारखान्याचं कामही त्याच्या खात्यावर आहे. फुटबॉलकडे तो वळला आणि सुरुवातीलाच तोंडघशी पडला. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्याने आखलेल्या उतारावरच्या लाकडी फळ्या गर्दीखाली मोडल्या. माणसं खालच्या पोकळीत कोसळली. २५ जण गेले.

दुसरा कुणी असता तर धंदा सोडून घरी बसला असता. लीचने लाकूड सोडलं. उतार भरीव हवा, खाली घट्ट दाबलेला भराव हवा, वर पायऱ्या, आणि गर्दीचा लोंढा मध्येच अडावा म्हणून ठरावीक अंतरावर लोखंडी कठडे. त्या कठड्यांचं त्याने पेटंटही घेतलं. पुढच्या तीसेक वर्षांत ओल्ड ट्रॅफर्ड, गुडिसन पार्क, रोकर पार्क, व्हाइट हार्ट लेन आणि हे एअरसम पार्क, सगळीकडे त्याचा हात लागला. सज्जाच्या कठड्यावर फुल्याफुल्यांची लोखंडी नक्षी दिसली की ओळखावं, हे लीचचं काम.

आणि भराव कशाचा? भट्ट्यांची राख, कोळशाची खर, पाडलेल्या घरांच्या विटा, गावचा केरकचरा. लंडनला हायबरीचं मैदान होत असताना आजूबाजूच्यांना सांगितलं होतं म्हणे, तुमचा राडारोडा इथे आणून टाका. एका कोळसेवाल्याची घोडागाडी त्या खड्ड्यात पडली आणि घोडा तिथेच पुरला, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. पण आठवडाभर ज्या भट्टीपुढे राबायचं, तिच्याच राखेवर शनिवारी दुपारी उभं राहून गळा फाडायचा, हे इंग्लंडच्या गावोगावी घडलेलं आहे.

(दृश्य बदलतं: ब्रॅडफर्ड. दाट झाडी, पायऱ्यांतून वर आलेली खोडं.)

हे जंगल नाही. हा ब्रॅडफर्डच्या पार्क अॅव्हेन्यूचा उतार आहे. कठडे अजून तसेच आहेत. या कठड्याला बघा, झाडाच्या खोडाने कसं कवेत घेतलंय. लोखंड सालीच्या आत गेलंय.

इथेही लीचच. १९०७ मध्ये त्याने इथे दोन तोंडांचा स्टँड बांधला, एका बाजूला बसलं की फुटबॉल, पाठीमागच्या बाजूला बसलं की क्रिकेट. यॉर्कशर काउंटी तिथे खेळायची. कोपऱ्यात खेळाडूंसाठी बंगलीवजा इमारत होती, लोक तिला 'बाहुलीचं घर' म्हणत. १९७० मध्ये क्लबला मतदानाने लीगमधून काढलं, १९७३ मध्ये मैदान सुटलं, १९७४ मध्ये क्लबचं दिवाळं वाजलं, १९८० मध्ये स्टँड पाडला. मैदानाच्या एका भागावर पुढे बंदिस्त क्रिकेट हॉल झाला. क्लब नंतर पुन्हा उभा राहिला, पण दुसरीकडे.

(खणलेला चर, ट्रेमध्ये मांडलेल्या वस्तू.)

काही वर्षांपूर्वी पुरातत्त्वज्ञांनी इथे रीतसर उत्खनन केलं. बरोबर पुन्हा तेच नेव्हिल गॅबी. खुरपी, ब्रश, चाळण्या, सगळं साग्रसंगीत, रोमन वसाहत खणावी तसं. गोल होता तिथल्या मातीत काय सापडलं? बुटांचे खिळे. गोलकीपरच्या अंगावर भिरकावलेली नाणी. आणि एक मोठी सेफ्टी पिन. चिक फार नावाच्या जुन्या गोलकीपरच्या चड्डीचं इलॅस्टिक ऐन सामन्यात तुटल्याचा किस्सा ब्रॅडफर्डची म्हातारी माणसं सांगत आली होती. पिन त्याचीच, असं शपथेवर कोण सांगणार? पण ट्रेमधली ती पिन बघताना तिथे एकही माणूस गंभीर राहू शकला नाही.

(हिल्सबरो इथलं स्मारक, नावं, फुलं. इथे निवेदन थोडं थांबतं.)

१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी कुंपणाआड चेंगरून लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले.

पुढच्या वर्षी न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला. वरच्या दोन श्रेणींतल्या मैदानांवर १९९४ पर्यंत प्रत्येकाला खुर्ची हवी, असं ठरलं. चाळींच्या मधोमध अडकलेल्या जुन्या मैदानांना खुर्च्या परवडेनात, आणि जमिनीला तर सोन्याचा भाव आला होता. एअरसम, रोकर, बर्नडन, फिल्बर्ट स्ट्रीट, एकामागून एक गेली. तिकिटं महागली. ब्रायटनचं गोल्डस्टोन तर पुढचं मैदान ठरायच्या आतच विकलं गेलं. क्लबने दोन वर्षं दुसऱ्या गावात बिऱ्हाड केलं, मग बारा वर्षं धावण्याच्या ट्रॅकच्या मैदानावर काढली.

(हायबरी. पांढरी, भारदस्त इमारत. आत शिस्तीत कापलेली बाग.)

सगळीकडे मात्र बुलडोझर फिरला नाही. आर्सेनलच्या हायबरीचा १९३६ सालचा पूर्व स्टँड इतका देखणा, की सरकारने तो संरक्षित इमारतींच्या यादीत घातलेला. पाडता येईना. ७ मे २००६ रोजी शेवटचा सामना झाला. थिएरी ऑन्रीने तीन गोल मारले आणि गुडघे टेकून गवताचं चुंबन घेतलं. मग स्टँडच्या पोटात फ्लॅट काढले, आणि खेळपट्टीची झाली बाग. बाल्कनीत चहा घेताना समोर गोलपोस्टची जागा दिसावी, असा शेजार. मात्र बागेत प्रवेश फक्त तिथल्या रहिवाशांना. आमचा कॅमेरा फाटकाबाहेर राहिला, हे तुम्हाला दृश्यावरून कळलं असेलच.

(भुयारी रेल्वेचं स्टेशन. भिंतीवर जुन्या टाइल्स.)

स्टेशनचं नाव १९३२ मध्ये मॅनेजर हर्बर्ट चॅपमनच्या खटपटीने 'आर्सेनल' झालं. क्लब निघून गेला तरी नाव तेच. फलाटावरच्या टाइल्समध्ये मात्र त्याच्याही आधीचं नाव शाबूत आहे, गिलेस्पी रोड.

(हडर्सफील्ड. मोठमोठ्या दुकानांचा आवार, गाड्यांच्या रांगा.)

आणि हे चॅपमनचं आधीचं गाव, हडर्सफील्ड. इथल्या लीड्स रोड मैदानाच्या क्लबने १९२४, १९२५ आणि १९२६, सलग तीन वर्षं इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं. त्याआधी ते कुणालाच जमलं नव्हतं. पहिली दोन चॅपमनच्या हाताखाली. १९९४ मध्ये मैदान गेलं आणि ही दुकानं आली. मधल्या वर्तुळाचा ठिपका होता, तिथे एक पाटी बसवली आहे.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे चंदेरी रंगाची गाडी उभी होती. मालक खरेदीला आत गेलेला. आम्ही वीस मिनिटं थांबलो. तो रंगाचे दोन डबे घेऊन आला, आमच्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "इथे गाडी लावायची नसते का?"

(गाडी निघते. कॅमेरा पाटीवर स्थिर.)