मीटरचा पॉवर सप्लाय: एक दुरुस्ती

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कार्यशाळेत आलेला हा बंद पडलेला साडेसहा अंकी (फार बारीक व्होल्टेज मोजणारा) मीटर एका फाउंड्रीत भट्टीचे तापमान पडताळण्यासाठी वापरला जातो. के प्रकारचा थर्मोकपल (तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) एका अंश सेल्सिअसला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो; इतका बारीक फरक वाचायचा असल्यामुळे या मीटरचा पॉवर सप्लाय स्विचिंग (वेगाने चालू-बंद होणाऱ्या) पद्धतीचा नसून शांत चालणारा लिनियर आहे. ती शांतता मात्र उष्णतेच्या मोबदल्यात मिळते.

सप्लायच्या ५ व्होल्टच्या भागात फिल्टर कपॅसिटरवर (व्होल्टेजची लहर सपाट करणाऱ्या भागावर) सुमारे १३ व्होल्ट असतात. मधले ८ व्होल्ट २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर स्वतःवर घेतो आणि २ अँपिअर प्रवाहाला त्याच्यात १६ वॅट उष्णता तयार होते. तेवढ्यानेच आतली चिप बाहेरच्या धातूच्या आवरणापेक्षा सुमारे २४ अंशांनी जास्त तापते. त्यात हीटसिंकचे (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचे) तापमान आणि सांगलीचा एप्रिल-मे मिळवावा लागतो.

झाकण उघडल्यावर मीटर बंद पडण्याचे कारण दिसते. हवेच्या जाळ्या फाउंड्रीच्या बारीक धुळीने बुजल्या आहेत आणि ट्रान्झिस्टरखालची थर्मल पेस्ट वाळून पांढरी भुकटी झाली आहे. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून, ट्रान्झिस्टर सुटा काढून मोजला असता त्याची कलेक्टर आणि एमिटर ही दोन टोके दोन्ही दिशांनी जोडलेली आढळतात, म्हणजेच तो शॉर्ट झाला आहे. अशा वेळी सगळे १३ व्होल्ट पुढे जातात, आणि बोर्डांवरच्या टीटीएल आयसींची (डिजिटल चिपांची) कमाल मर्यादा ७ व्होल्टची असते. येथे क्रोबार या संरक्षक सर्किटने वेळीच सप्लाय शॉर्ट करून फ्यूज उडवला, म्हणून पुढची बोर्डे वाचली. नुसता फ्यूज बदलून मीटर चालू करणे किती धोक्याचे ठरले असते, हे यावरून कळावे.

नवा ट्रान्झिस्टर खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. २एन३०५५ च्या नावाने लहान चिपचे नकली नग बाजारात फार पूर्वीपासून विकले जातात आणि ते पूर्ण भाराखाली टिकत नाहीत. त्याला चालवणारा लहान ट्रान्झिस्टर आणि एमिटरचा रेझिस्टरही तपासून घेतले आहेत, कारण पुष्कळदा मोठ्याबरोबर तेही जातात.

बसवण्याचे काम सर्वांत नाजूक आहे. या ट्रान्झिस्टरचे आवरण हेच कलेक्टर असते आणि हीटसिंक चेसीला जोडलेला आहे. म्हणून मध्ये अभ्रकाची चकती, स्क्रूंना इन्सुलेटिंग बुश आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ थर लागतो. हीटसिंकच्या भोकाची एखादी धारदार कड अभ्रक फोडू शकते, त्यामुळे ती आधी घासून सपाट केली आहे. स्क्रू आवळल्यावर आवरण आणि हीटसिंक यांच्यात कोणतीही जोडणी नाही याची दुसऱ्या मीटरने खात्री करून मगच सोल्डर लावला जातो.

पहिल्यांदा वीज देताना बोर्डे सुटी ठेवून २३० व्होल्टच्या वाटेत, प्रवाह मर्यादित राहावा म्हणून, सिरीज बल्ब लावला आहे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, ५ व्होल्ट स्थिर दिसले, म्हणून बल्ब काढून २.५ ओहमच्या, २५ वॅटच्या रेझिस्टरचा भार दिला. ऑसिलोस्कोपवर १०० हर्ट्झची लहर नगण्य राहिली, हीटसिंक सर्व बाजूंनी सारखा तापला, आणि त्यानंतरच बोर्डे जोडली गेली.

आता मीटर झाकण लावून निदान दोन तास तापू दिला जाईल. आतल्या झेनर रेफरन्सला (ज्याच्याशी तुलना करून मीटर मोजतो त्या स्थिर व्होल्टेजच्या भागाला) कोणी हात लावलेला नसला, तरी पेटीतली उष्णता पूर्वीसारखी पसरत नसल्याने मीटरचे वाचन ज्ञात व्होल्टेजशी ताडून पाहणे आवश्यक आहे. कॅलिब्रेशनचा अहवाल येईपर्यंत या मीटरचे आकडे भट्टीच्या नोंदवहीत घेतले जाणार नाहीत.