नेमणुकीनंतरचे पहिले सहा महिने : दिव्यांग सहकारी आणि आपली कार्यालयं

मंडळी, आज समोर एचआरमधली माणसं आहेत, प्लांट मॅनेजर आहेत, लहान कंपन्यांचे मालकही आहेत. म्हणून विविधता आणि समावेश या मोठ्या विषयाचा एकच तुकडा घेतो : दिव्यांग उमेदवार कामावर रुजू झाल्यानंतरचे पहिले सहा महिने. भरतीची बातमी होते, ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, कार्यक्रम होतो. माणूस कंपनीत टिकतो की नाही, हे मात्र या सहा महिन्यांत ठरतं. त्याला लागणारी सोय मिळते, पण उशिरा मिळते, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ रोजी. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात मानसिक आजार आहेत, ॲसिड हल्ल्याचे बळी आहेत, थॅलसेमिया आहे. वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण तपशिलात लिहावं लागतं, संपर्क अधिकारी नेमावा लागतो आणि धोरणाची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. आपलं राज्य आयुक्तालय पुण्यात आहे. हे धोरण बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचं तरी उतरवून, नाव बदलून वेबसाइटवर चढवलेलं असतं आणि त्यात नोंदलेला संपर्क अधिकारी केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. परत गेल्यावर आपल्या धोरणातल्या त्या नंबरवर एकदा फोन लावून बघा.

२०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्याला ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही, आणि कोणाला कोणती सोय लागते हे त्या व्यक्तीशी बोलूनच ठरवलं पाहिजे. हे ‘बोलून’ फार महत्त्वाचं आहे. दोन दृष्टिहीन माणसांची गरज एक नसते. एकाला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, लागतो, दुसऱ्याला मोठी अक्षरं आणि डोळ्यांवर न येणारा दिवा पुरतो.

आता उशीर कसा होतो ते पाहू. माणूस १ तारखेला येतो आणि सॉफ्टवेअर मागतो. एचआर आयटीकडे पाठवतं, आयटी खरेदी विभागाकडे. खरेदी विभागाला तीन कोटेशनं हवी असतात आणि अकाउंट्स विचारतं, हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? यात अडीच महिने जातात. मग सहाव्या महिन्यात प्रोबेशनच्या शेऱ्यात ‘वेग कमी’ असं लिहिलं जातं. त्या माणसाने अर्धा काळ हात बांधून काम केलेलं असतं. हा सरळ अन्याय आहे आणि तो कुणीही मुद्दाम केलेला नसतो, म्हणूनच पुन्हा पुन्हा होतो.

उपाय साधा आहे. नियुक्तीपत्राबरोबरच एक पान पाठवा : तुम्हाला काम करण्यासाठी काय लागेल? कॉम्प्युटरवर, बैठकीत, येण्याजाण्यात, आणीबाणीत? रुजू होईपर्यंत मिळणारे आठवडे तयारीला वापरा. एका अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत, समजा माणशी पंचवीस हजारांपर्यंत, कोटेशनशिवाय खर्चाचा अधिकार द्या. हा पैसा कंपनीच्या मध्यवर्ती खात्यातून जाऊ द्या. विभागाच्या बजेटमधून गेला, तर पुढच्या मुलाखतीत तोच विभागप्रमुख दिव्यांग उमेदवाराकडे खर्च म्हणून बघतो. आणि सोय मिळायला जितके दिवस लागले, तितकं प्रोबेशनचं मूल्यमापन पुढे ढकला. हे लेखी असू द्या.

दृष्टिहीन सहकाऱ्याचं उदाहरण जरा जवळून पाहू. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही. अडतं ते दुसरीकडे. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नसते, ती आधी घेऊन ठेवावी लागते. मग हजेरीचं पोर्टल उघडतं. त्यातल्या बटणांना नावंच दिलेली नसतात, त्यामुळे कानात फक्त ‘बटण, बटण, बटण’ असं येत राहतं. रजा कोणती आणि रद्द कोणतं, कळणार कसं? तपासणीला तज्ज्ञ लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर, टॅब दाबत दाबत, रजेचा अर्ज भरून दाखवा. जिथे तुम्ही अडकाल तिथे तोही अडकणार.

मराठी कार्यालयांत आणखी एक खास अडचण आहे. जुनी परिपत्रकं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर स्वच्छ ‘रजेचा अर्ज’ दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. स्कॅन करून ठेवलेली पीडीएफ म्हणजे तर फोटोच, त्यावर तो गप्प बसतो. म्हणून नवं सगळं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्यातलं निदान सेवाशर्ती, रजेचे नियम आणि सुरक्षेच्या सूचना रूपांतरित करून घ्या. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर, वापरलात तर जोडाक्षरं आणि आकडे माणसाकडून तपासून घ्या, तिथे हमखास चुका होतात.

कर्णबधिर सहकाऱ्याला बैठकीतून सर्वांत जास्त वगळलं जातं. ‘तुला नंतर सांगतो’ म्हणतात, आणि नंतर दोन तासांच्या चर्चेची दोन वाक्यं मिळतात. महत्त्वाच्या बैठकीला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. बैठक लांबणार असेल तर दोन बोलवा, कारण वीस-तीस मिनिटांनी दुभाषी थकतो आणि अर्थ निसटायला लागतो. विषयपत्रिका आदल्या दिवशी द्या. आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनवर विसंबू नका, आपण मराठी-इंग्रजी मिसळून बोलतो तिथे त्या फार चुकतात. शॉप फ्लोअरवर भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा हवा, आणि तो टॉयलेटमध्येही हवा, कारण तिथे माणूस एकटा असतो.

रॅम्पबद्दल फक्त मापं सांगतो. उताराचं प्रमाण १:१२. म्हणजे १५० मिलिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर लांबी. जागा नाही म्हणून दोन मीटरमध्ये बसवलेला रॅम्प सामानाच्या ट्रॉलीला चालतो, व्हीलचेअरवरच्या माणसाला त्यावर एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना तो पुढे कोसळू शकतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, खुर्ची वळायला १५०० मिलिमीटर व्यासाची जागा. सुलभ शौचालय बांधून त्यात फिनेलचे कॅन आणि झाडू ठेवले जातात, हे रोज तपासायची जबाबदारी नाव घेऊन कुणाला तरी द्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्या एका माणसाला तळमजल्यावर बसवून टीम तिसऱ्या मजल्यावर ठेवू नका. जमेल तिथे टीमच खाली आणा. आपलेपणा जेवणाच्या सुट्टीत आणि चहाच्या टपरीवर तयार होतो, आणि निम्मे निर्णयही तिथेच होतात. टीमची सहल दर वर्षी गडावरच काढायची का, हाही प्रश्न याच यादीतला आहे.

आग लागली की लिफ्ट बंद. तेव्हा व्हीलचेअरवरचा सहकारी चौथ्या मजल्यावरून खाली कसा येणार, हे त्याच्याबरोबर बसून लिहून काढा. पायऱ्यांवरून उतरवायची खास खुर्ची मिळते. ती चालवायला प्रत्येक पाळीत शिकलेली दोन माणसं आणि रजेच्या दिवसासाठी आणखी दोन लागतात. ड्रिलच्या दिवशी ‘तुम्ही बसून राहा’ म्हणणं सर्रास चालतं. ते बंद करा.

पगारपत्रकही बघा. महाराष्ट्रात कायमस्वरूपी शारीरिक दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असलेल्यांना व्यवसाय कर माफ आहे. तरी सॉफ्टवेअर वर्षाचे अडीच हजार रुपये कापत राहतं, कारण दिव्यांगत्वाचा दाखला फायलीत असतो आणि सिस्टिममध्ये खूण केलेली नसते. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वेतनमर्यादा इतरांसाठी २१ हजार आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५ हजार. मात्र त्या दाखल्यातली माहिती कोण पाहू शकतं, याला बंधन हवं. लाइन मॅनेजरला सोय काय द्यायची एवढंच कळावं, आजाराचं किंवा दिव्यांगत्वाचं निदान काय आहे हे कळायची गरज नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत तर हे काटेकोर पाळा, नाहीतर पुढे कुणी तोंडच उघडणार नाही.

आणि बढती. तीन-चार वर्षं त्याच पदावर असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची नावं काढा आणि प्रत्येकाने कोणती प्रशिक्षणं घेतली ते शेजारी लिहा. फार वेळा असं दिसेल, की बढतीसाठी लागणारा कोर्स ज्या पोर्टलवर आहे त्याच्या व्हिडिओंना कॅप्शन नाहीत किंवा प्रश्नमंजूषा माउसशिवाय सुटत नाही. पोर्टलच्या कराराचं पुढचं नूतनीकरण येईल तेव्हा कॅप्शनची आणि कीबोर्डची अट त्यात घाला आणि त्या अटीची चाचणी त्याच कर्मचाऱ्यांकडून, कामाच्या वेळेत, करून घ्या. तोवर त्या कोर्सची परीक्षा त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धतीने घ्या, आणि बढतीच्या बैठकीत त्यांची नावं मागे राहू देऊ नका.