आधी छत, मग एसी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘बदलतं हवामान आणि आपली घरं’. त्यावर मी येणारच आहे. पण इंदूरच्या श्रोत्यांसमोर घरांविषयी बोलायचं आणि पॅट्रिक गेडिसचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याने होणार नाही.

गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, स्कॉटलंडचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने त्यांना नगररचनेसाठी बोलावलं. शहर प्लेगने बेजार. हा दाढीवाला गोरा माणूस नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचा आणि लोक त्याला पाहून धसका घ्यायचे, की आता आपलं घर पाडणार! गेडिसनी काय करावं? त्यांनी महाराजांकडे एका दिवसापुरता शहराचा कारभार मागितला आणि तुकोजीरावांनी तो दिला. मग दवंडी पिटली: यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरं सगळ्यांत स्वच्छ असतील, त्या भागातून जाईल.

अहो, मग काय विचारता! घराघरातून, परसातून हजारो गाड्या कचरा निघाला. लोकांनी भिंती रंगवल्या, डागडुजी केली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर, दोघांचंही दहन झालं. आज स्वच्छतेत आपला पहिला नंबर म्हणून आपण मिरवतो, आणि तो मान आपला आहेच. पण त्याची पाळंमुळं कुठवर जातात ते आपल्या पोरांना सांगा.

त्यांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, अगदी गरज असेल तिथेच हात लावा, झाडं राखा, विहिरी राखा, असा त्यांचा आग्रह होता. आणि आपण? चौकाचा वाडा पाडायचा, तिथे पश्चिमेकडे अख्खी काच लावलेली इमारत उभी करायची आणि मग प्रत्येक खिडकीला एसी टांगायचा. आमच्याच गल्लीत असं झालं. त्या एसींची गरम हवा आता समोरच्या ओटल्यावर येते, आणि संध्याकाळी तिथे बसणारी म्हातारी मंडळी आत गेली ती गेलीच. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलंय. तेव्हा मुद्द्यावर येतो.

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं म्हणत आलेत. माळव्याची रात्र वाखाणली जायची ती उगाच नाही. आपण पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. मे महिन्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसाची उष्णता रात्री भराभर निघून जायची. आता ती जात नाही. एक तर हवामानच तापतंय. त्यात काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खालच्या खोलीत सोडतो. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना हे सांगायला नको! दुपार कशीबशी निघते, पण रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं आजारी पडतात. म्हणून माझं म्हणणं एकच: घराला रात्री थंड होऊ द्या. आणि त्याची सुरुवात छतापासून करा.

छत पांढरं करा. चुना द्या, नाहीतर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो तो लावा. टिकाऊ हवं असेल तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक करा. अहमदाबादेत २०१० साली उन्हाने माणसं दगावली, २०१३ साली तिथे उष्णतेपासून बचावाचा आराखडा झाला आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं गेलं. चुना दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो. धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून छत झाडत राहा. संध्याकाळी छतावर बादल्या ओतायची सवय मात्र सोडा. ते पाणी जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून उचलून आणलेली नर्मदा आहे.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं भागत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. सावली बाहेर हवी: चटई टांगा, छज्जा काढा, वेल चढवा. दुपारी खिडक्या बंद ठेवा, रात्री समोरासमोरच्या उघडा. वरची रोशनदानं, म्हणजे छताजवळचे झरोके, बुजवली असतील तर मोकळी करा, गरम हवा तिथूनच जाते. कूलर लावाल तर एक खिडकी उघडी असू द्या, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

पावसाचंही तसंच. ऑगस्ट २०२०मध्ये इंदुरात एका दिवसात दहा इंचांवर पाऊस पडला. अंगणात सगळीकडे फरशी घालू नका, थोडी माती उघडी ठेवा, आणि छताचं पाणी गाळून बोअरिंगजवळ जिरवा. मे संपायच्या आत पन्हाळी साफ करा.

शेवटचं, वेळ संपलीच आहे. भाडेकरूंना हे सगळं करता येत नाही. छत घरमालकाचं आणि रात्रीचा ताप भाडेकरूला. इथे घरमालकही बसले आहेत. चुन्याचा खर्च तुम्ही करा, आणि या उन्हाळ्यातच करा.