दम्याने हृदयविकार होतो का? जनुकांकडून मिळालेलं अर्धं उत्तर

नमस्कार मंडळी.

दमा असलेल्यांना हे सांगायला नको. मध्यरात्री जाग येते. छाती आवळलेली, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजतेय. अंधारात चाचपडत इन्हेलर शोधायचा, दोन पफ घ्यायचे. पाचेक मिनिटांत श्वास मोकळा होतो, आणि मग हृदय धडधडायला लागतं, हाताला कंप सुटतो. मला लहानपणापासून दमा आहे. अशा कितीतरी रात्री मी उशीला टेकून बसलोय आणि मनात एकच विचार, या सगळ्याचा भार माझ्या हृदयावर तर पडत नाहीये ना?

त्या धडधडीचं उत्तर सोपं आहे. इन्हेलरमधलं औषध, साल्ब्युटामॉल, श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल करतं. ते ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूंवर, काम करतं, ते थोड्या प्रमाणात हृदयातही असतात. म्हणून ठोके वाढतात, आणि औषधाचा जोर ओसरला की खाली येतात.

खरा प्रश्न पुढचा आहे. वर्षानुवर्षं दमा असला, तर त्यामुळे हृदयविकार जडतो का?

दोन्ही आजार एकाच माणसात दिसतात, हे नक्की. अमेरिकेत ‘मेसा’ नावाचा एक दीर्घ अभ्यास आहे. सुरुवातीला हृदयविकार नसलेली सहा हजारांहून जास्त माणसं घेतली आणि वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०१५मध्ये त्यातून असं समोर आलं की ज्यांना दम्यासाठी रोज औषध लागतं, त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना जास्त घडल्या. ज्यांचा दमा अधूनमधून डोकं वर काढतो, त्यांच्यात तसं ठळकपणे दिसलं नाही.

पण एकत्र दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. धूम्रपानाने फुप्फुसं बिघडतात, रक्तवाहिन्याही बिघडतात. वजन वाढलं की दमा बळावतो, हृदयावरही ताण येतो. दम लागतो म्हणून माणूस चालायचं टाळतो. तीव्र दम्यात तोंडावाटे स्टेरॉइड वारंवार घ्यावे लागतात, त्यांनी रक्तदाब आणि साखर वाढते. शिवाय हृदय कमजोर झालं की फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो, आणि तो कधीकधी दमाच समजला जातो. हा गुंता नुसत्या निरीक्षणाने सुटत नाही. आणि प्रयोग तरी कसा करणार? कुणाला मुद्दाम दमा देता येत नाही.

इथे जनुकं कामाला येतात.

१८६५मध्ये ब्रनो शहरात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवरचे प्रयोग मांडले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच: आई आणि वडील, दोघांकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यातली कुठली मुलाकडे जाईल, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. ही चिठ्ठी गर्भधारणेच्या वेळीच निघते. तुम्ही पुढे सिगारेट ओढाल का, वजन वाढेल का, त्याच्या कितीतरी आधी. आणि पुढे कुठलाही आजार झाला तरी ती बदलत नाही.

म्हणजे निसर्गानेच माणसांचे गट पाडून ठेवलेत. काहींच्या वाट्याला दम्याकडे किंचित झुकवणारे जनुकीय फरक जास्त आले, काहींच्या कमी. दमा खरंच हृदयविकाराचं कारण असेल, तर पहिल्या गटात हृदयविकारही थोडा जास्त दिसायला हवा. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. कल्पनेचं बीज १९८६मध्ये मार्टिन काटान यांच्या एका पत्रात आहे. २००३मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी तिला नीट आकार दिला.

ही पद्धत किती कठोर आहे बघा. सीआरपी हा दाह, म्हणजे शरीरातली सूज, दाखवणारा रक्तातला घटक. हृदयविकार होणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसायचा, म्हणून तोच दोषी असावा असं अनेकांना वाटत होतं. पण जन्मतःच ज्यांची जनुकं सीआरपी वाढवतात, त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला नाही. सीआरपी आग दाखवतो, लावत नाही.

आता दमा. २००७मध्ये १७व्या गुणसूत्रावरचा एक भाग लहानपणीच्या दम्याशी जोडलेला सापडला. पुढे सुमारे पाच लाख लोकांची माहिती असलेल्या यूके बायोबँकसारख्या संग्रहांमुळे असे अनेक भाग हाती आले. ते एकत्र करून ‘दमा कारण, हृदयविकार परिणाम’ हा प्रश्न अनेक गटांनी तपासला, आणि उत्तरं एका सुरात आलेली नाहीत. वजनाच्या बाबतीत मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे: जनुकांमुळे वजन जास्त असणाऱ्यांना दमाही जास्त होतो आणि हृदयविकारही. म्हणजे जे नातं दिसतं, त्यातला काही वाटा वजनाचा आहे.

पण मला सगळ्यात जास्त अडवून ठेवलं ते एका जनुकाने. आयएल-सिक्स-आर. जरा थांबून बघू.

इंटरल्युकिन-६ हा दाहाचा निरोप नेणारा रेणू. तो पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटतो, तो या जनुकापासून बनतो. एका सर्रास आढळणाऱ्या फरकात या प्रथिनाच्या ३५८व्या जागेवर ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी ॲलानिन येतं. शेकडो अमिनो ॲसिडच्या माळेतला एकच मणी बदलला. एवढ्याने हा रिसेप्टर पेशीवरून तुटून रक्तात जास्त मिसळतो, आणि सीआरपी कमी होतो.

२०१२च्या दोन मोठ्या अभ्यासांत या फरकाच्या प्रत्येक प्रतीमागे हृदयविकाराचा धोका सुमारे ३ ते ५ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०११मध्ये, याच फरकासोबत वारशाने येणारी एक जनुकीय खूण दम्याच्या अभ्यासात सापडली होती. तिथे धोका कमी नव्हता. प्रत्येक प्रतीमागे सुमारे ९ टक्क्यांनी जास्त होता.

एकच बदल. हृदयाला हात देतो, फुप्फुसाला ढकलतो.

‘दोन्ही आजारांत दाह असतो, म्हणून ते जोडलेले आहेत’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मीही बोलायचो. पण दाह ही एकच गोष्ट नाही. रिसेप्टर पेशीवर बसलेला असला तर निरोप एका वाटेने जातो, रक्तात सुटा फिरत असला तर दुसऱ्या. श्वासनलिकेला कदाचित ही दुसरी वाट जास्त बोचत असेल. हा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

नातं एकाच बाजूला झुकलेलं असतं तर सोपं होतं. २००९मध्ये आइसलँडच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास घ्या. ते इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या ठरवणारी जनुकं शोधत होते. सापडलेल्यांपैकी काही, उदाहरणार्थ आयएल-थर्टीथ्री, दम्याशी जोडलेली निघाली. एसएच-टू-बी-थ्री हार्ट अटॅकशी. पेशी तीच, पण जनुकानुसार बोट कधी फुप्फुसाकडे जातं, कधी हृदयाकडे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. एखादं जनुक दम्याला वळसा घालून थेट हृदयावर परिणाम करत असेल, तर हिशेब चुकतो. आत्ताच पाहिलेलं आयएल-सिक्स-आर नेमकं तसंच वागू शकतं. आतापर्यंतची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आणि लहानपणी सुरू झालेला दमा आणि चाळिशीनंतरचा दमा यांची जनुकं पूर्ण जुळत नाहीत, तरी अनेकदा दोन्ही एकाच नावाखाली मोजले जातात. दमा किती तीव्र आहे, औषधं कोणती चालू आहेत, हे तर त्या जन्मवेळच्या चिठ्ठीत नसतंच.

म्हणून हा व्हिडिओ बघून कुणी रोजचा इन्हेलर बंद करू नका. दमा आटोक्यात असला की तोंडावाटे स्टेरॉइडची वेळ कमी येते. छातीत दुखलं, घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ‘दमाच असेल’ म्हणून पफ घेत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि हृदयाच्या किंवा बीपीच्या डॉक्टरांकडे गेलात तर दम्याचं पहिल्या वाक्यात सांगा, कारण प्रोप्रॅनोलॉलसारख्या काही गोळ्यांनी श्वासनलिका आवळू शकते.