आधी धडा करा

अध्यक्ष महाराज, कार्यवाह, आणि थंडीतसुद्धा वेळेवर आलेले श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'ऑनलाइन खरेदी आणि ग्राहकाचे हक्क' असा छापलाय. तो मीच दिला होता, पण तेव्हा दिवाळी व्हायची होती. दिवाळीत एक प्रकार घडला आणि तेव्हापासून डोकं तिथंच अडकलंय. आधी तो सांगतो, मग विषयाकडे वळतो. पंचेचाळीस मिनिटं आहेत म्हणतात, म्हणजे काही घाई नाही.

आज 24 डिसेंबर. 1986 साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून हा ग्राहक दिन. तो कायदा आता बदलला. 2019 चा नवा कायदा 2020 च्या जुलैपासून लागू झाला. दिवस मात्र जुनाच राहिला, हे बरं झालं. दिवस बदलला असता तर कार्यवाहांनी मला कदाचित मे महिन्यात बोलावलं असतं, आणि या सभागृहातले पंखे मला माहीत आहेत.

तर दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी मी मिठाईच्या दुकानात रांगेत उभा. दुकानाचं नाव सांगणार नाही. गावात मला अजून राहायचंय आणि त्यांची बासुंदी खरोखर चांगली असते. काजूकतली 960 रुपये किलो. माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलानं पुठ्ठ्याचा खोका उघडला, काट्यावर ठेवला आणि वड्या भरायला लागला. आकडे पळाले आणि 1.000 वर थांबले. त्यानं झाकण लावलं, रबरबँड ओढला, "पुढे कोण?"

मी म्हटलं, "बाळा, खोका धडा केला नाहीस."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी संस्कृतात बोललो. चूक त्याची नाही, हा शब्दच आता कुणी वापरत नाही. इथं साठीच्या पुढचे बरेच दिसताहेत, त्यांना आठवत असेल. तेल आणायला बरणी घेऊन गेलं की दुकानदार आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात वजनं, खडे, काय हाताला येईल ते टाकून दांडी सरळ करायचा. मग तेल. त्याला धडा करणं म्हणत. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, रोज धडा घेतला, आणि हा दुसरा धडा एकदाही मुलांना सांगितला नाही, हे त्या रांगेत उभं असताना लक्षात आलं. आता काट्यावर त्यासाठी एक बटण असतं, टेअर म्हणून. खोका ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्यावर येतो. अर्ध्या सेकंदाचं काम.

जरा विषयांतर करतो. आपली भाषा या तराजूतूनच बाहेर पडलीय. पासंगालाही पुरत नाही म्हणतो ना, तो पासंग म्हणजे दोन पारडी समान नसली तर हलक्या बाजूला बांधायचा तुकडा. शिगेला पोहोचणं घ्या. पायलीनं धान्य मोजताना मापाच्या वर जो निमुळता ढीग राहायचा ती शीग. माप सपाट की शिगेचं, यावरून घरोघरी भांडणं व्हायची. मापात पाप, काटा मारणं, पारडं फिरणं. गंमत अशी की हिंदीत 'डंडी मारना' म्हणजे वजनात फसवणं आणि आपल्याकडे दांडी मारणं म्हणजे शाळा बुडवणं. दोन्हींत माल कमीच मिळतो. 1958 पासून मेट्रिक वजनं आली, शेर-पायली हळूहळू गेली. त्यात फायदा गिऱ्हाइकाचाच होता, कारण शीग किती द्यायची हे दुकानदाराच्या मनगटावर होतं आणि किलोला शीग नसते. नसावी, म्हणजे.

परत दुकानात. मुलानं शेठना हाक मारली. शेठ आले. मी म्हटलं, "खोक्याचं वजन मिठाईत धरलंय." शेठ हसून म्हणाले, "काका, सगळे असंच नेतात." मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, चला ना लवकर." त्यामागे माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, ती म्हणाली, "सर, तुम्ही पण ना!" यात 'तुम्ही पण ना'चा अर्थ काय, हे मी वर्गात विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण मला तिथं पूर्ण कळला. सौभाग्यवती रांगेबाहेर होत्या. त्यांनी पाठ वळवली आणि शेजारच्या चपलांच्या दुकानाची पाटी मन लावून वाचायला घेतली.

मग शेठनी काय केलं, ते नीट ऐका. त्यांनी रबरबँड काढला, चिमट्यानं चार वड्या उचलल्या, वजन न करता वर ठेवल्या आणि म्हणाले, "घ्या काका, दिवाळी आहे. आता खूश?"

आणि मी म्हटलं, "थँक्यू."

घरी आलो. वड्या स्टीलच्या डब्यात काढल्या आणि रिकामा खोका स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 84 ग्रॅम. 960 च्या दरानं 80 रुपये 64 पैशांचा पुठ्ठा. रद्दीवाला त्याचा रुपयासुद्धा देणार नाही. वरच्या चार वड्यांचं वजन 48 ग्रॅम भरलं. म्हणजे मेहेरबानी होऊनही 36 ग्रॅम माझे तिकडेच राहिले, आणि आभार मी मानले. आत्तासुद्धा चीड त्या 36 ग्रॅमची येत नाही. त्या थँक्यूची येते. माझंच येणं मला खिरापत म्हणून दिलं आणि मी हात पुढे केला.

हे बेकायदेशीर आहे का? आहे. वैध मापन कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे. ज्या वजनाचे पैसे घेतले त्याहून कमी माल देणं हा त्यात गुन्हा आहे. बंद पाकिटावर 'निव्वळ वजन' छापतात, त्यातलं निव्वळ म्हणजे वेष्टन वगळून. बिस्किटाच्या कंपनीला जे जमतं ते कोपऱ्यावरच्या दुकानाला जमू नये?

शेठना माहीत नव्हतं असंही नाही. पाडव्याला मी मुद्दाम घरचा स्टीलचा डबा घेऊन त्याच दुकानात गेलो. तोच मुलगा होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानं रिकामा डबा काट्यावर ठेवला, बटण दाबलं, शून्य केलं आणि मग पेढे भरले! न सांगता! म्हणजे बटण कुठं आहे ते बोटाला माहीत होतं. स्टील जड असतं, गिऱ्हाइकाला लगेच कळतं, म्हणून धडा. पुठ्ठा हलका आणि त्यांचाच, म्हणून विसर. माझी तुम्हाला पहिली सूचना ही, की डबा घेऊन जा. भांडण नाही, कायदा नाही, आणि सौभाग्यवतींना चपलांच्या पाट्या वाचाव्या लागत नाहीत.

(कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. पाहिलं.)

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. माझं सगळं म्हणणं त्या तीन शब्दांत आहे. फसवणाऱ्यापेक्षा आपली भीड आपल्याला जास्त लुटते. ही भीडसुद्धा मोठी हुशार आहे, माणूस बघून येते. हातगाडीवरच्या मावशींकडे आपल्याला ती नसते. तिथं आपण मेथीच्या जुडीवर पाच रुपये कमी करून घेतो, वर कढीपत्ता फुकट मागतो. मीही मागतो. पण काचेचं दार आलं, आत गारवा आला, टाय लावलेला पोरगा आला की जीभ टाळूला चिकटते. तिथं तो म्हणतो, "सर, मोबाइल नंबर," आणि आपण घडाघडा दहा आकडे सांगतो. कशाला? बिलाला नंबर लागत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2023 साली दुकानदारांना स्पष्ट कळवलंय की नंबरासाठी अडवून धरू नका. मी नाही म्हणतो. मशीन पुढे जात नाही म्हणाले तर म्हणतो, मी थांबतो, तुम्ही मशीनला समजवा. बहुधा मशीन लगेच समजतं. तसंच पिशवीचं. माल घेऊन झाल्यावर काउंटरवर अचानक पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर 2020 मध्येच म्हटलंय. आधी ठळक सांगितलं नसेल तर विचारायला काय हरकत आहे? सुट्ट्याऐवजी गोळ्या देणाऱ्यांबद्दल बोलत नाही. माझ्याकडे त्यांच्या गोळ्यांची एक बरणी साठलीय, एकदा त्याच देऊन साबण घ्यायचा विचार आहे.

काट्याबद्दल एक शेवटचं, मग खरंच ऑनलाइन. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी सरकारी तपासणी व्हावी लागते, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. तपासल्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असायला हवं. बघायची सवय लावा. आणि काट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसला पाहिजे. तो बाटल्यांच्या मागे, उदबत्तीच्या घराआड असेल तर "जरा फिरवा" एवढे दोनच शब्द पुरतात. पाकिटांचंही तेच. दहा रुपयांचं पाकीट वर्षानुवर्षं दहा रुपयांचंच राहतं आणि आतले ग्रॅम गुपचूप घटतात. किंमत बघू नका, ग्रॅम बघा. आता एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही छापलेला सापडतो. अक्षर बारीक आहे, चष्मा न्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मग ऑनलाइन.

तिथंही दुखणं तेच, फक्त खोका पडद्यावर असतो. वस्तू 499 ला दिसते आणि शेवटच्या पानावर हाताळणी शुल्क, सुविधा शुल्क धरून साडेपाचशेच्या वर जाते. तुम्ही न मागता विमा टोपलीत येऊन बसतो. 'फक्त दोन शिल्लक' असं लाल अक्षरात येतं, आणि आठवडाभर दोनच शिल्लक असतात. नको म्हणायचं बटण असं लिहितात: 'नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत.' ही भीडच आहे, यंत्रातून घातलेली. याला डार्क पॅटर्न म्हणतात. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्र सरकारनं असे 13 प्रकार नावानिशी काढून त्यांना मनाई केली. तेव्हा पैसे भरायच्या आधी शेवटचं पान वाचा, वर काय काय चढलंय ते उतरवा. हा ऑनलाइनचा धडा. दोन्ही अर्थांनी, हो.

पार्सल उघडताना कुणाला तरी मोबाइल धरायला सांगा, खोक्यावरच्या चिठ्ठीपासून एकसलग चित्रण करा, मध्ये थांबवू नका. बिघडलेलं निघालं तर फोनवर भांडू नका, लिहा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. दुकानातल्या मालालाही लागू असलेली गोष्ट: सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरतात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू नाही, कितीही सुंदर अक्षरात रंगवली असली तरी.

दाद लागली नाही तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर. लिहून घ्या, चारच आकडे आहेत. तिथंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूला मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असली तर जिल्ह्यातच. 5 लाखांपर्यंत फी नाही. वकील लागत नाही. आणि नव्या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी कुठल्या का शहरात असेना, तिनं इकडे यायचं. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ही मुदत लोक "बघू, बघू" करत घालवतात.

दुसरी चिठ्ठी. 'सर, चहा निवतोय.'

सोन्याबद्दल कुणीतरी सुरुवातीलाच विचारलं होतं, ते राहतंय, एका वाक्यात सांगतो. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो दुकानात उभं राहूनच 'बीआयएस केअर' या अॅपवर टाकून बघा. सोनार थांबतो. थांबलाच पाहिजे.

कायद्यातल्या दंडाच्या कलमांचा तक्ता आणला होता, तो आता टेबलावर ठेवतो. आणि अध्यक्ष महाराज, सत्कारासाठी तिथं तो पेढ्यांचा खोका मगापासून दिसतोय. मी घेणार, नाही म्हणणार नाही. फक्त कार्यवाहांनी कुठून आणला आणि बिल घेतलं का, एवढं मला चहाच्या वेळी सांगावं.