तगरीवरचा पाहुणा

नमस्कार श्रोतेहो. श्रावणातली सकाळ होती. सासूबाई परडी घेऊन तगरीकडे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, लवकर ये! फांदीला डोळे फुटलेत!"

बघते तर बोटाएवढा जाड, हिरवागार सुरवंट. मानेजवळ दोन निळे डोळे, शेपटाकडे आखूड पिवळं शिंग. ते डोळे खोटे बरं का! पाखरांना भिववायचे नुसते ठिपके. शिंगही मऊ, डंख नाही.

शेजारी म्हणाले, औषध मारा. सासूबाई म्हणाल्या, "पानं काय, परत फुटतील." श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात ओलसर माती घातली, वर पालापाचोळा, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा. रोज तगरीची कोवळी पानं. चारेक दिवसांत तो काळपट तपकिरी झाला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी! पण तो मेला नव्हता. कोषात जायच्या आधी या सुरवंटाचा रंगच बदलतो. झाडावरून उतरून तो जमिनीवरच्या पाचोळ्यात कोष करतो. जमिनीवर, श्रोतेहो! आणि आपण अंगणभर फरशा घालतो, पाचोळा जाळतो. अंगणाला माती हवी, हे मी सोसायटीच्या प्रत्येक सभेत सांगते आणि सांगत राहणार.

तर हा कण्हेरीवरचा पतंग, ओलिएंडर हॉकमॉथ. शास्त्रीय नाव डॅफनिस नेरी. पंख पसरले की ९ ते ११ सेंटीमीटर. शेवाळी हिरव्यावर पांढरट, गुलाबी पट्टे. आफ्रिकेपासून आपल्याकडे आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत याचा वावर. उन्हाळ्यात युरोपातही उडत जातो. सुरवंटाचं खाणं लक्षात ठेवा: कण्हेर, तगर, सदाफुली. पुन्हा एकदा, कण्हेर, तगर, सदाफुली. कण्हेर विषारी, ती याला पचते. मुलांना मात्र तिची पानं तोंडात घालू देऊ नका.

दोनेक आठवडे गेले. एका रात्री डब्यात फडफड झाली. कापड सोडलं, तर तो काठावर येऊन थरथरू लागला. "थंडी वाजतेय गं त्याला," सासूबाई म्हणाल्या. उडण्याआधी अंग तापवायला हे पतंग असे पंख थरथरवतात. सासूबाईंनी दिवा मालवला, खिडकी सताड उघडली. घुर्रकन आवाज झाला आणि तो अंधारात गेला.

आता फुलं तोडण्याआधी त्या तगरीखाली वाकून बघतात, काळ्या लेंड्या पडल्यात का. दिसल्या, की ती फांदी तशीच सोडतात.