खोडलेली किंमत

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि ऐन दिवेलागणीला घरची कामं बाजूला ठेवून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेत विषय छापलाय 'ऑनलाइन खरेदी : किंमत, सवलत आणि कायदा'. कायद्याचे तीन मुद्दे मी लिहून आणलेत, ते शेवटी घेते. त्याआधी मला एका आकड्याबद्दल बोलायचंय. फोनवर कुठलीही वस्तू उघडा. तिची किंमत ठळक अक्षरांत असते आणि शेजारी फिकट रंगात दुसरा आकडा, त्यावर आडवी रेघ मारलेली. वाण्याच्या वहीत खाडाखोड दिसली तर आपण लगेच विचारतो, हे काय खोडलंय, कशाला खोडलंय? फोनवरच्या खोडलेल्या आकड्याला मात्र कुणी काही विचारत नाही. उलट त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे भरतो.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, तांब्याची बाटली, तीन हजारांची, सहाशेला मिळतेय! अकरा मिनिटं राहिलीत. तुला किती सांगू?" म्हटलं, मला एकही नको. "बरं, मग मी चार घेते. दिवाळीत द्यायला होतील," म्हणाली आणि घेतल्यासुद्धा. छापील किंमत २,९९९, विक्री ५९९, ऐंशी टक्के सवलत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फोनवर तीच बाटली शोधून काढली. किंमत तीच होती आणि घड्याळ पुन्हा अकरा मिनिटांपासून उलटं चालू झालं होतं.

आठवड्याने तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, बिल दाखव. पाचशे नव्याण्णव चोक दोन हजार तीनशे शहाण्णव. बिलात होते २,५४८. कुठून आले वरचे एकशे बावन्न? प्लॅटफॉर्म शुल्क ७. हाताळणी शुल्क १९. 'सुरक्षित पॅकिंग' दर बाटलीला २९, म्हणजे चारांचे ११६. तांब्याच्या बाटलीला सुरक्षित पॅकिंग! पडली तर फार तर पोचा येईल. आणि शेवटी १० रुपये देणगी. देणगी चांगल्या कामाला गेली असेल, माझी तक्रार तिथे नाही. पण त्या चौकटीत बरोबरची खूण आधीपासून होती. माझ्या नणंदेने ती केली नव्हती. देणगी द्यायची की नाही हे देणाऱ्याने ठरवायचं असतं ना?

मी एक बाटली पिशवीत टाकली आणि कसबा पेठ गाठली. तिथल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यापितळेवर हातोडे पडताहेत. माझ्या आईची पाण्याची घागर तिथलीच. ओळखीच्या कारागिरांनी बाटली आधी हातात तोलली, बोटाने वाजवली, मग काट्यावर ठेवली. तिथे भांडं असंच विकतात हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. वजन, त्या दिवसाचा तांब्याचा भाव आणि वर घडणावळ. गिऱ्हाईक समोर उभं असतं, काटा त्याला दिसतो. घडणावळीवरून काय घासाघीस करायची ती करा, पण किंमत कशाची बनली आहे हे दोघांनाही माहीत असतं.

ते म्हणाले, "ताई, पत्रा पातळ आहे, यंत्रावरचं काम आहे. पण सहाशे रुपये ठीक आहेत. फार काही वाईट नाही."

खरं सांगते, मी जरा गडबडले. मी फसवणूक सिद्ध करायला गेले होते आणि हे म्हणत होते की भाव ठीक आहे. मी विचारलं, आणि तीन हजार? तर म्हणाले, "ही तीन हजारांची कधीच नव्हती. कुणी मागितलेही नसतील आणि दिलेही नसतील."

घरी येऊन नणंदेला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग वहिनी, मी फसले कुठे? सहाशेची वस्तू मला सहाशेलाच मिळाली की."

मंडळी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आजचं माझं सगळं बोलणं म्हणजे तिला द्यायचं उत्तर आहे.

पहिलं उत्तर साधं. तिला बाटली नको होती. तिने सहाशे रुपये वस्तूसाठी दिले नाहीत, चोवीसशे रुपये वाचवण्यासाठी दिले, आणि ते चोवीसशे कधी अस्तित्वातच नव्हते. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं. ते असं केलेलं की १० वर नाही तर ६५ वरच थांबेल. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही. तरी ज्यांच्यासमोर १० आले त्यांचा मधला अंदाज २५ आणि ज्यांच्यासमोर ६५ आले त्यांचा ४५. समोर दिसलेला आकडा असंबद्ध आहे हे कळत असूनही मन त्याच्या आसपास घुटमळतं. खोडलेली किंमत म्हणजे आपल्यापुढे फिरवलेलं तेच चक्र आहे, आणि ते कुठे थांबवायचं हे विकणारा ठरवतो.

दुसरं उत्तर मला त्या कारागिरांनीच दिलं. निघता निघता त्यांनी पुतण्याची हकिकत सांगितली. पुतण्याने घरचा माल ऑनलाइन विकायला ठेवला. हाताने ठोकलेला तांब्या, विक्री ८५०, छापील किंमत ९००. महिना गेला तरी कुणी उघडून पाहीना. मग त्याला कुणीतरी सांगितलं की गिऱ्हाईक वस्तू शोधताना '५० टक्के किंवा अधिक सवलत' अशी चाळणी लावतं. त्या चाळणीत याचा तांब्या गळून पडायचा, कारण याने खरी किंमत लिहिली होती. शेवटी त्याने छापील किंमत २,२०० केली. विक्री ८५०च ठेवली. माल हलायला लागला. काकांना हे सांगताना तो पोरगा मान खाली घालून बसला होता म्हणे.

मला याचा राग येतो. माझ्या नणंदेचं काय, शे-दीडशे रुपये गेले आणि चार बाटल्या घरात आल्या. पण जो सरळ भाव लिहितो त्याला या बाजारात जागाच राहत नाही. त्याने खोटा आकडा लिहावा, तेव्हाच त्याचा खरा माल दिसणार. एकाने आकडा फुगवला की दुसऱ्याला फुगवावाच लागतो, आणि मग ऐंशी टक्के सवलत हीच त्या बाजाराची रोजची बोली होऊन बसते.

(श्रोत्यांतून प्रश्न : "पण तुळशीबागेतही पाचशे सांगून दोनशेला देतातच की!")

हो, देतात! आणि तुम्ही दीडशेला मागता, तेही सांगा ना. (हशा) चांगला प्रश्न आहे. तुळशीबागेत 'पाचशे' ही बोलण्याची सुरुवात असते. तिथे तुम्ही उलट बोलू शकता, पाठ फिरवून चालायला लागू शकता, तो "अहो ताई, या इकडे" म्हणून हाक मारू शकतो. दोन्ही बाजूंना खेळ माहीत असतो. फोनवर खोडलेला २,९९९ हा आकडा बोलणी करत नाही. तो लेखी निवेदन करतो की या वस्तूची किंमत इतकी होती आणि आम्ही ती कमी केली. लेखी निवेदन खरं असलं पाहिजे. एवढंच माझं म्हणणं आहे.

आता हा छापील आकडा आला कुठून ते सांगायलाच हवं, कारण तो आपल्या भल्यासाठी आला होता. १९९०पूर्वीची पाकिटं आठवतात? साबण, चहा, टूथपेस्ट. किमतीपुढे बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा'. स्थानिक कर वेगळे. कर किती, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? दुकानदार सांगेल तो कर. एकाच साबणाचे एकाच रस्त्यावर तीन भाव असायचे. ग्राहक चळवळीतल्या आम्हा बायकांनी या बारीक अक्षरांवरून दुकानांत किती भांडणं केली असतील त्याची गणती नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घाऊक खरेदी करून गटागटाने कुटुंबांना महिन्याचं सामान पुरवत होती. यादी करताना, वाटप करताना त्या बायकांच्या डोळ्यांखालून भाव जायचे, म्हणून त्यांना 'कर' नावाची ही पळवाट लगेच कळायची. (ती वाटपाची पद्धत कशी चालते हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. पुढच्या वर्षी बोलावलंत तर बोलेन.)

१९९० मध्ये नियम बदलला. पाकिटावर एकच आकडा छापायचा, कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. त्याच्यावर एक पैसा घ्यायचा नाही. फार मोठी गोष्ट होती ती. निरक्षर माणसालाही आकडा ओळखता येतो. आजही खेड्यातल्या दुकानात एखादी आजी पाकीट उलटं करून नातवाला विचारते, "बघ रं, किती लिवलंय?" तिच्या हातात ते हत्यार आपण दिलं.

पण नियमाने छत बांधलं आणि छताची उंची ठरवायचं काम उत्पादकावर सोडलं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर गुन्हा. सहाशेच्या वस्तूवर तीन हजार छापले तर तेवढ्यावरून गुन्हा होत नाही. काही आवश्यक औषधांच्या कमाल किमती सरकार बांधून देतं, तसं बाटलीचं कोण करणार? दुकानात या मोकळीकीचा फार त्रास नव्हता, कारण २,९९९ छापलेली बाटली फळीवर नुसती पडून राहिली असती. ऑनलाइन बाजारात छापील किंमत घेण्यासाठी उरलीच नाही, ती खोडण्यासाठी छापली जाते. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आणलेला आकडा त्याला भुलवण्याच्या कामी आला.

आणि 'लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा' परत आलं आहे. नणंदेचं बिल आठवा. हाताळणी, प्लॅटफॉर्म, पॅकिंग. आधी लहान आकडा दाखवायचा, माणूस पैसे भरायच्या पानापर्यंत पोचला की थेंब थेंब वाढवत न्यायचा. पस्तीस वर्षांपूर्वी पाकिटावर बारीक अक्षरांत असायचं, आता शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. भांडण तेच आहे, मंडळी. आम्ही ते एकदा जिंकलो होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर कायदा भराभर सांगते.

एक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २, उपकलम ४७, अनुचित व्यापारी प्रथा. वस्तू साधारणपणे ज्या किमतीला विकली जाते त्या किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित प्रथा आहे, असं तिथे स्पष्ट आहे. १९८६च्या कायद्यातही होतं. म्हणजे खोडलेल्या आकड्याला आव्हान द्यायला नवा कायदा लागत नाही. त्या किमतीला ती वस्तू कधी, किती विकली, हे विक्रेत्याला विचारायचा पाया आजही आहे. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

दोन. आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेली संमती २०२०च्या ई-कॉमर्स नियमांना मान्य नाही. एकूण किंमत एका आकड्यात, फोड करून दाखवा, हेही त्याच नियमांत आहे. मग ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. फसवे डावपेच म्हणूया. असे १३ प्रकार त्यात दिलेत. खोटी घाई, न सांगता टोपलीत टाकलेली वस्तू, थेंबाथेंबाने वाढणारी किंमत, हे तिन्ही आहेत. नणंदेच्या एका खरेदीत तिन्ही होते! पण फुगवून खोडलेली किंमत हा स्वतंत्र प्रकार त्या तेरांत नाही. तो चौदावा म्हणून घाला, ही माझी मागणी आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. ज्याचं माप त्यानेच तपासायचं, हे मला पुरेसं वाटत नाही. वजनकाट्याला सरकारी शिक्का लागतो, तसा इथेही बाहेरचा तपासनीस हवा.

तीन. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून नियम लागू आहे. सवलत जाहीर केली की त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगायची. त्यावर एका जर्मन प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी स्पष्ट केलं की किंमत नुसती सांगून भागत नाही, सवलतीची टक्केवारीही त्याच किमतीवरून काढली पाहिजे. हा नियम आपल्याकडे आणायला काय अडचण आहे? कागदी वह्यांच्या काळात तीस दिवसांचे भाव काढणं कठीण होतं. या बाजारात तर रोजचा भाव यंत्रातच नोंदलेला असतो. तो गिऱ्हाइकाला दाखवा, इतकंच. आणि तसा नियम असता तर त्या तांबटाच्या पुतण्याला ९००चे २,२०० करावे लागले नसते.

वेळ झाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, लिहून घ्या. वस्तू घ्यायच्या आधी किमतीच्या पानाचा आणि पैसे भरायच्या पानाचा, दोन्हींचे स्क्रीनशॉट काढा, नंतर ते पान बदललेलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी आणि आमच्या दोन मैत्रिणी बसणार आहोत. ज्यांच्या फोनमध्ये अलीकडची अशी बिलं असतील त्यांनी घेऊन या, तक्रार तिथेच बसून नोंदवू. पहिली तक्रार माझ्या नणंदेची आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि येताना बाटली घेऊन आली आहे.